सानप मॅडमची दमट हवा

“बाई, तुमचा निळा साबुदाना वाळला असंल तर जरा पलीकडं सरकवा की. माझ्या कुरडयांना ऊन मिळंना.”

“सुलाबाई, तुमच्या कुरडया संध्याकाळपर्यंत वाळल्या तरी चालतील. मला दुपारी कोरडी हवा लागते.”

“हवा वाळवता व्हय? वाळवा बाई. पगार चालू हाय तवर काय बी वाळवावं मानसानं.”

हे मी कॉलेजच्या गच्चीच्या जिन्यात, शेवटच्या पायरीवर उभी राहून ऐकलं. पुढे जावं की परत फिरावं हे ठरत नव्हतं. अशा वेळी मी नेहमी ऐकत उभी राहते. गच्चीवर मेसच्या सुलाबाई होत्या, त्यांनी जुनं नऊवारी लुगडं अंथरून त्यावर कुरडया घातल्या होत्या. शेजारी मोठी पितळी परात. परातीत निळेशार मणी. आणि त्या मण्यांमध्ये लाकडी उलथनं फिरवत, सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घालून, उकिडव्या बसलेल्या एक बाई. त्यांच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं की मेसमध्ये नवीन माणूस ठेवलंय. माझ्या हातात प्रोजेक्टचं पत्र होतं आणि त्यावर लिहिलेलं नाव त्याच बाईंचं होतं: डॉ. सानप, पदार्थविज्ञान विभाग.

मी नगरची. पाटीवर आता अहिल्यानगर आहे, घरात आणि एसटीत अजून नगरच. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी बोलताना मी मनात आधी वाक्य तपासून घेत असे आणि ते तपासून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असे. एम.एस्सी.साठी नेवासा तालुक्यातल्या या कॉलेजात आले तेव्हा वाटलं होतं, दोन वर्षं कुणाच्या लक्षात न येता काढता येतील.

मॅडमनी पत्र वाचलं. मग मला वरून खालपर्यंत बघितलं. कुठली, काय, शाळा कुठली, सगळं विचारलं. मी प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं.

“बोलतेस कमी.”

मी मान हलवली.

“बरंय. माणूस बोललं की तोंडातून वाफ निघते. माझ्या खोलीत आर्द्रता वाढते. आणि इंग्रजी?”

“येतं.”

“मग झालं. हवा माझी, इंग्रजी तुझं. धर हे उलथनं, कॉन्व्हेंट.”

तेव्हापासून माझं नाव कॉन्व्हेंट. हजेरीपत्रकातलं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते त्या फक्त रागावल्या की वापरायच्या.

त्या निळ्या मण्यांना सिलिका जेल म्हणतात. नव्या बुटांच्या खोक्यात पुडी असते ना, तेच. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. प्यायलं की गुलाबी होतं, वाळवलं की पुन्हा निळं. वाळवायला खरं तर भट्टी लागते, पण विभागातली भट्टी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती आणि नवीन भट्टीचा कागद कॉलेजच्या ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता. मॅडमनी त्याची वाट बघणं सोडून दिलं. “आपल्या डोक्यावर एवढी मोठी भट्टी आहे, कोटेशन लागत नाही,” असं म्हणून त्यांनी जेल उन्हात टाकायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता गुलाबी परात डोळ्यांदेखत निळी व्हायची. ते बघायला सुलाबाईसुद्धा यायच्या.

मॅडमचा विषय होता ओल्या हवेतली वीज. म्हणजे हवेतून जोराची वीज सोडली की हवेचे रेणू फुटतात, त्यांचे भारलेले तुकडे सैरावैरा धावतात. त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. तुकडे पुन्हा जुळताना नवे पदार्थ तयार होतात, आणि कुठले पदार्थ तयार होणार हे हवेत पाण्याची वाफ किती आहे यावर ठरतं. पुस्तकात हे चाळीस पानांत आहे. मॅडम ते पहिल्या वर्षाच्या मुलांना असं सांगायच्या:

“कोरडी हवा म्हणजे घरातली रोजची माणसं. वीज आली, ऑक्सिजन फुटला, सुटा अणू शेजाऱ्याला चिकटला, ओझोन झाला. रोजचं काम, शिस्तीत. आता दारात पाहुणा आला. पाहुणा म्हणजे पाण्याची वाफ. फार नाही, चमचाभर. पण आता कोण रोजचं काम करतंय? एक दूध आणायला पळतो, एक उशा काढतो, एक नुसताच मध्ये मध्ये करतो. ओझोन कमी! शिवाय पाहुण्याचेही तुकडे होतात, आणि त्यातल्या दोन तुकड्यांची जोडी जमली की हायड्रोजन पेरॉक्साइड.”

पाहुण्याचे तुकडे म्हटल्यावर वर्ग हसायचा.

“हसू नका. पाहुण्याचे तुकडे हे शास्त्र आहे. घरी करू नका.”

आमची प्रयोगशाळा म्हणजे विभागामागची अडगळीची खोली. हवा यायची ती टायरवाल्याच्या जुन्या कॉम्प्रेसरमधून. विजेचा ट्रान्सफॉर्मर शिर्डीच्या एका लॉजच्या पाटीचा होता. लॉजवाल्यांनी निऑनची पाटी काढून एलईडी लावली, तेव्हा मॅडमनी तो भंगारवाल्याकडून उचलला. काचेची नळी, आत स्टीलची सळई, बाहेरून तांब्याची जाळी. बटण दाबलं की नळीत जांभळा उजेड थरथरायचा आणि खोलीभर झेरॉक्सच्या दुकानातला वास यायचा. तो ओझोनचा वास. मॅडम बटण दाबण्याआधी दर वेळी चप्पल-बूट बघायच्या. रबरी तळ असेल तरच आत. स्पोर्ट्स शूजचं कारण मला तेव्हा कळलं. बाहेरही तेच बूट असायचे, कारण बदलायचा कंटाळा.

त्यांच्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असत: पक्कड, शेंगदाणे-गूळ आणि काडेपेटीएवढं आर्द्रता मोजायचं यंत्र. कॉलेजात त्याला ‘मॅडमचं घड्याळ’ म्हणत. सकाळी लोक एकमेकांना नमस्कार करतात, मॅडम आकडा सांगायच्या. “एकवीस. ओठांना तूप लावा.” “पंचेचाळीस. बरं वाटतंय.” श्रावणात एकदा स्टाफरूमच्या दारातूनच ओरडल्या, “अठ्ठ्याऐंशी! मिठाच्या बरणीचा दगड झाला असेल, कुणी झाकण उघडू नका.” मराठीचे सर म्हणाले, “मॅडम, आम्हाला पाऊस दिसतोय खिडकीतून.” त्यावर मॅडम, “पाऊस दिसतो, आर्द्रता दिसत नाही. तुमचं आणि माझं भांडण तेच आहे.”

एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात त्या अक्षता टाकायच्या रांगेत उभ्या होत्या. मी मागे होते, माझ्यामागे माझी लाज. मॅडमनी पर्समधून यंत्र काढलं आणि नवरीच्या कानाजवळ धरलं. फोटोवाल्याला वाटलं काहीतरी दागिना आहे, त्याने दोन फोटो काढले. नवरी बावरली. मॅडम तिला म्हणाल्या, “काळजी करू नकोस बाळा. तेवीस आहे. मेकअप टिकणार.” मला वाटतं त्या दिवशी नवरीला मिळालेला सगळ्यात उपयोगी आशीर्वाद तोच असेल.

माझ्या पहिल्याच वर्षी एप्रिलमध्ये प्राचार्यांनी प्रेमाने एक कूलर पाठवला. तेव्हा आमच्या खोलीत भट्टीसारखं तापायचं. शिपाई कूलर ढकलत घेऊन आले, पाणी भरलं, चालू केला. आम्ही गच्चीवर होतो. खाली येऊन मॅडमनी घड्याळ बघितलं आणि त्या एकदम गावच्या भाषेत गेल्या. रागावल्या किंवा खूश झाल्या की त्यांचं ‘आहे’ गळून पडायचं.

“कुनी लावला ह्यो? बासष्ट! आरं, मी महिनाभर एकेक टक्का मोजतीय आन तुमी इथं नदी आनून सोडली!”

शिपाई म्हणाले, “सरांनी पाठवलाय, बाई. तुमाला घाम येतो म्हनून.”

“घाम मला येतो, नळीला न्हाई येत!”

त्या कूलरभोवती एक चक्कर मारून आल्या. मग आवाज बदलला. “थांबा. नेऊ नका. त्याचं तोंड कॉम्प्रेसरकडं फिरवा.” त्या दिवसापासून कूलर आमचा पावसाळा झाला. एक नंबरवर पन्नास, दोनवर साठ, खिडकी लावली की सत्तर. संध्याकाळी प्राचार्य विचारायला आले, थंड वाटतंय ना? मॅडम घामाने निथळत म्हणाल्या, “फारच उपयोग झाला सर.” कूलरचं तोंड कॉम्प्रेसरकडे बघून ते रुमालाने मान पुसत परत गेले.

हा विषय त्यांना कुठून सुचला, हे मी कधी विचारलं नसतं. ते त्यांनी आपणहून सांगितलं, जेल हलवता हलवता. मॅडम पाथर्डीकडच्या. आई-वडील दर वर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, इकडे प्रवरेच्या पट्ट्यात. मॅडम त्यांच्याबरोबर. उसाच्या पाचटाच्या कोपीत झोपायचं, पहाटे पांघरूण दवाने भिजलेलं असायचं. फडावरून विजेच्या मोठ्या तारा गेलेल्या. पहाटे त्या तारा तडतडायच्या, सर्र सर्र आवाज करायच्या. दुपारी त्याच तारा गप्प.

“मी आबांना विचारलं, आबा, ती तार सकाळचीच का बोलती? दुपारी का न्हाई? आबा म्हणाले, दुपारी तिला बी ऊन लागत आसंल.” मॅडम हसल्या. “पुढे पीएच.डी. केली. ओल्या हवेत तारेभोवतीची हवा फुटते, दवाच्या थेंबांच्या टोकांवरून वीज सुटते, वगैरे. पण आबा काही फार चुकले नव्हते.”

मला त्यांच्यातली जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची आणि जिची सगळ्यात जास्त भीती वाटायची, ती एकाच प्रसंगात सांगता येईल. एकदा पारनेरकडचे एक शेतकरी मोटारसायकलवरून आले. मोबाईलवर त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की विजेने भारलेलं पाणी दिलं की बियाणं लवकर उगवतं. बरोबर पिशवीत मूग आणले होते.

“मॅडम, ह्याच्यावर तुमची वीज मारून द्या. काय लागंल ते सांगा.”

“दादा, उगवतं असं काही लोकांनी लिहिलंय खरं. पण मी करून बघितलेलं न्हाई. मला म्हाईत न्हाई.”

“तुमी प्रोफेसर असून?”

“प्रोफेसर हाय म्हनून तर म्हाईत न्हाई म्हनता येतंय. दुसरं कुनी असतं तर बाटलीत भरून दिलं असतं.”

ते गृहस्थ हसले, शेंगदाणे-गूळ खाऊन गेले. मूग सुलाबाईंनी ठेवून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मेसमध्ये उसळ झाली. ते गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “कॉन्व्हेंट, बघितलं नाही ते सांगायचं नाही, आणि बघितलं ते दाबायचं नाही. एवढं जमलं तरी पुष्कळ.” हे बोलताना त्या दातात अडकलेलं शेंगदाण्याचं साल काढत होत्या, त्यामुळे मी ते उपदेश म्हणून ऐकलं नाही.

माझ्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, मॅडम निवृत्त होणार होत्या. एप्रिलच्या शेवटी पुण्यात एक मोठी परिषद होती. तिथे दोनदा पाठवलेलं काम परत आलं होतं. तिसऱ्या वेळी निवड झाली. पोस्टर लावायचं, त्याच्यासमोर उभं राहायचं, आणि देशभरातली हेच काम करणारी माणसं येऊन प्रश्न विचारणार. मॅडमनी हे पत्र सुलाबाईंनाही वाचून दाखवलं. सुलाबाईंनी विचारलं, “जेवन देत्यात का?”

पोस्टरचा जीव एका आलेखात होता. खाली आर्द्रता, उभ्या बाजूला ओझोन. पन्नास-साठ-सत्तरचे ठिपके कूलरच्या कृपेने छान बसले होते. सगळ्यात डावीकडचा ठिपका म्हणजे पूर्ण कोरडी हवा, निळ्या जेलमधून गाळून घेतलेली. मॅडम त्याला ‘शून्य’ म्हणायच्या. बाकी सगळे ठिपके त्या शून्याशी ताडलेले: कोरड्या हवेपेक्षा ओझोन इतका कमी, तितका कमी. शून्य हललं तर सगळा आलेख हलणार.

निघायच्या दोन दिवस आधी मॅडम म्हणाल्या, पोस्टरवर एक फोटो हवा. ओल्या हवेत पेरॉक्साइड तयार होतं, कोरड्यात होत नाही, हे लोकांना नुसत्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. एक रसायन आहे, त्यात पेरॉक्साइड आलं की ते पिवळं होतं. त्या रसायनाच्या दोन परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत विजेतून आलेली ओली हवा सोडायची, एकीत तशीच कोरडी. एक पिवळी होईल, एक पाण्यासारखी राहील. कोरड्या हवेची अशी परीक्षा आम्ही आधी कधी घेतलीच नव्हती. जिथे पाणीच नाही तिथे पाण्याचे तुकडे कसे शोधायचे?

मॅडम रजेचे कागद द्यायला ऑफिसात गेल्या होत्या. मी एकटीनेच केलं. ओल्या हवेची नळी छान पिवळी झाली, हळदीच्या पाण्यासारखी. कोरडीची नळी काढून पांढऱ्या कागदावर ठेवली. बघितलं. खिडकीशी नेऊन बघितलं. पुन्हा कागदावर ठेवून वरून बघितलं.

अगदी फिकट. पाणी जास्त झालेल्या लिंबू सरबताएवढी. पण पिवळी.

मी तिसऱ्या नळीत तेच रसायन नुसतंच ओतलं, हवा न सोडता. ते पाण्यासारखं स्वच्छ होतं. म्हणजे रंग रसायनाचा नव्हता. हवेचा होता.

या ठिकाणी कुणीही शहाणं माणूस जिना उतरून ऑफिसात गेलं असतं. मी फोटो काढला. फोटोत तो फिकट पिवळा जेमतेम दिसत होता. मग मी मोबाईलवर उजेडाची पट्टी थोडी उजवीकडे सरकवली. पिवळा गेला. नळी दुधासारख्या पांढऱ्या कागदावर पाण्यासारखी दिसू लागली. मी स्वतःला सांगितलं, नळी नीट धुतली नसेल. मॅडम परत आल्या, फोटो बघून म्हणाल्या, “वा! असंच पाहिजे,” आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला दोन दिवस जाणवत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्लेक्सवाल्याकडे गेलो. गावात तेवढं एकच मोठं छपाईचं दुकान, वाढदिवस आणि निवडणुकांचं. त्याने फाईल उघडली आणि विचारलं, “बाई, वरती फोटो कुनाचा टाकायचा?”

“कुणाचा नाही. नळ्यांचा आहे तो मध्येच ठेवायचा.”

“खाली शुभेच्छुक?”

“शुभेच्छुक नाहीत.”

“एक बी न्हाई?” त्याला खरंच वाईट वाटलं. “कडंला झेंडूची नक्षी तरी टाकतो. फुकट.”

मॅडमनी दहा मिनिटं हुज्जत घालून झेंडू काढायला लावले. मी मशीनमधून इंचाइंचाने बाहेर येणारा फ्लेक्स बघत होते. माझी पांढरी केलेली नळी आता वीतभर उंच झाली होती.

रात्री झोप आली नाही असं मी म्हणणार नाही. आली. सकाळी सहाला जाग आली ती मात्र एका विचाराने. पोस्टरमधला पद्धतीचा परिच्छेद मीच इंग्रजीत लिहिला होता: जेल निळं होईपर्यंत उन्हात वाळवलं. निळं होईपर्यंत. पण निळं म्हणजे पूर्ण कोरडं, हे कुणी सांगितलं? रंग बदलतो तेव्हा बरंचसं पाणी गेलेलं असतं, एवढंच. सगळं गेलं असं नाही. आपण रंगावर थांबत होतो, जसं सुलाबाई कुरडई कडक झाली की थांबतात. कुरडईला तेवढं पुरतं.

मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये गेले. तिथले शिपाईमामा ती लवकर उघडतात. परातीतले वाळलेले, निळेशार मणी चिनी मातीच्या भांड्यात घेतले, तोलले, बर्नरवर बराच वेळ तापवले, गार होऊ दिले, पुन्हा तोलले. मणी निळेच होते. वजन कमी झालं होतं. चांगलंच कमी.

म्हणजे वर्षभर आमच्या कोरड्या हवेत पाहुणा येऊन बसला होता आणि आम्ही त्याला घरातलाच समजत होतो.

साडेआठ वाजले होते. मॅडमची गाडी नऊची, नेवासा फाट्यावरून. मराठीचे सर त्यांना मोटारसायकलवर सोडणार होते. मी फोन लावला. मॅडमनी पहिल्याच रिंगला उचलला.

“काय गं?”

मागे वाऱ्याचा आवाज येत होता. मॅडम सरांना सांगत होत्या, फ्लेक्स दुमडेल, हळू घ्या.

“काही नाही मॅडम,” मी म्हणाले. “शुभेच्छा.”

“शुभेच्छुक मिळाला बघा सर!” त्या ओरडल्या आणि फोन बंद झाला.

मी भांड्यातल्या मण्यांकडे बघत बसले. उद्या त्या पोस्टरसमोर उभ्या राहतील. जे बघितलं नाही ते कधी न सांगणाऱ्या मॅडम, माझ्या मोबाईलने पुसलेली नळी दाखवून देशभरातल्या लोकांना सांगतील, बघा, स्वच्छ आहे. आणि त्यातल्या कुणाला तरी एका प्रश्नात ते कळेल. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात. किंवा कुणाला कळणार नाही, आणि ते कायमचं तसंच राहील, मला एकटीला माहीत असलेलं. यातलं जास्त वाईट कुठलं हे मला ठरवता येईना. तेव्हा मी उठले.

सहा आसनी रिक्षा फाट्याकडे निघायला अजून दोन माणसांची वाट बघत होती. मी त्या दोन जागांचे पैसे देते म्हटलं. रिक्षावाला माझ्याकडे बघतच राहिला. मलाही वाटलं, हे मी म्हटलं?

फाट्यावर पुण्याची गाडी उभी होती, इंजिन चालू. मराठीचे सर चहाच्या टपरीवर पोचले होते, म्हणजे निरोप देऊन झाला होता. कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता, “नगर, पुणं! नगर, पुणं!” मला धावत येताना बघून त्याने दार धरलं.

“चला ताई, पटकन. जागा हाय.”

“मला जायचं नाही.”

“मग गाडी कशाला आडवताय? बाजूला व्हा.”

तिसऱ्या खिडकीत मॅडम होत्या. फ्लेक्सची सुरळी त्यांनी गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली होती. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता, अंगावर मी कधी न बघितलेली आमसुली रंगाची साडी होती आणि त्या शेजारच्या बाईंना काहीतरी समजावून सांगत होत्या. हाताने हवेत नळी काढून दाखवत होत्या. शेजारच्या बाई पिशवी पोटाशी धरून माना डोलवत होत्या. मॅडमचा चेहरा इतका खुललेला होता की मला वाटलं, जाऊ दे, जाऊ दे गाडी.

त्यांनी मला बघितलं. काच सरकवली.

“अगं, कॉन्व्हेंट! फाट्यापर्यंत आलीस?” आणि शेजारणीला म्हणाल्या, “ही माझी विद्यार्थिनी. पोस्टरवरचं इंग्रजी सगळं हिचं. फोटोसुद्धा हिनंच काढलाय.”

शेजारच्या बाईंनी मला हात जोडले. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली. इंजिनाचा आवाज वाढला. गाडीतली वीस-पंचवीस माणसं आता खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती, आणि टपरीवरचे सर हातात कप तसाच धरून. मी नेहमीप्रमाणे मनात वाक्य तपासायला घेतलं. गाडी हलली. मॅडम हसत होत्या, हात हलवत होत्या. मी खिडकीबरोबर चालायला लागले, मग धावायला, आणि हात वर करून मी त्या खिडकीची कड धरली.

“मॅडम, खाली उतरा!” मी ओरडले. “फोटोतली नळी पिवळी होती, ती मी पांढरी केली! आपलं शून्य ओलं आहे!”